लेकराला पहिल्यांदा हरणाच्या मागावर नेताना: रालामंडलची सगळी तयारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमच्या घरात शिकारीच्या गोष्टी खूप. आजोबा इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून सांगायचे, मचाण कसं बांधतात, हाका कसा घालतात, वारा कुठून येतोय ते ओळखायला मूठभर धूळ कशी सोडतात, आणि आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. त्याच गोष्टी मी लेकीला सांगितल्या आणि मग एक दिवस तिने विचारलंच, "बाबा, आपण पण जाऊया ना हरणाच्या शिकारीला." ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी म्हटलं जाऊ, माग काढू, वारा बघू, दबा धरून बसू, सगळं आजोबांसारखं करू, फक्त बंदूक नाही, कॅमेरा. आणि हरीण जिथे चरत होतं तिथेच चरत राहिलं पाहिजे, तरच शिकार साधली म्हणायचं.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो, कारण मुलं हे विचारतातच आणि त्यांना खरं उत्तर द्यावं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, तर पकडणं, फास लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, तसा प्रयत्न करणं हे सगळं त्यातच धरलंय. अभयारण्यात शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. म्हणून बिस्कीट टाकून चितळाला जवळ बोलवणं किंवा फोटोसाठी टाळ्या वाजवून कळप पळवणं हे कौतुकाने करायचं काम नाही, हे मुलाला घरीच समजलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला दोन फेऱ्या वाया घालवून कळलं. पहिलं हरीण मुलाला स्वतःला दिसलं पाहिजे. आपण बोट दाखवायचं नाही. पहिल्या फेरीत मला झाडीत चितळ दिसलं आणि मी "ते बघ, ते बघ" करत हात वर केला, हरीण तर गेलंच पण लेकीने काहीही न बघता "हो दिसलं" म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून. परत येताना गाडीत ती गप्प होती. दुसऱ्या फेरीत दिसलं तेव्हा मी कॅमेरा तिच्या हातात कोंबला आणि ते हरीण तिने फक्त स्क्रीनवर पाहिलं. तिसऱ्यांदा मी तोंडही बंद ठेवलं आणि हातही. तेव्हा जमलं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

कुठे आणि कधी

इंदूरवाल्यांचं नशीब चांगलंय, बायपासला लागूनच रालामंडल आहे. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ७८२ मीटर, वर होळकरांनी १९०५ साली बांधलेली शिकारगाह अजून उभी आहे आणि १९८९ पासून हे अभयारण्य आहे. म्हणजे जिथून कधी निशाणा धरायचे तिथेच आता आपण मुलाला घेऊन बसू शकतो, मला तरी हे फार मोठं वाटतं. चितळ, सांबर, नीलगाय इथे आहेत. बिबट्याही आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. इथली मोठी सोय म्हणजे ठरलेल्या वाटेने पायी वर जाता येतं, आणि माग काढायला शिकायचं तर पाय जमिनीवरच हवेत. जिप्सीत बसून पावलांचे ठसे कसे बघणार?

कधी जायचं तर डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यानंतर गवत इतकं उंच असतं की चितळ वीस पावलांवर असलं तरी कान सोडून काही दिसत नाही, नऊ वर्षांच्या उंचीला तर तेही नाही. गवत वाळून बसलं, पानगळ सुरू झाली की नजर आत जाते. थंडीत बोरं आणि आवळे पिकतात, चितळ दोन्हीवर तुटून पडतं, आणि मार्च संपता संपता मोह गळायला लागतो, त्या झाडांखाली सकाळी बघाच. एप्रिलनंतर पाण्याजवळ हमखास दिसतात, पण मालव्याच्या त्या उन्हात लहान मुलाला टेकडी चढवू नका.

दरवाजा उघडायची वेळ, तिकीट, सुट्टीचा वार हे निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या, बदलत असतं. दार उघडताच आत जाणारे पहिले तुम्ही असलात तर अर्धं काम झालं, कारण नंतर रील बनवणारी मंडळी येतात आणि मग वाटेच्या दोन्ही बाजूंचं सगळं रान आत सरकतं. रविवार टाळा, शाळेचा एक शनिवार बुडाला तरी चालेल.

घरची पंधरा दिवसांची तयारी

यातलं काही वगळू नका, आम्ही वगळलं होतं म्हणून सांगतो.

पहिली म्हणजे गप्प बसायची सवय. पिपल्यापालाच्या तलावाकाठी किंवा घराच्या गच्चीवर, सकाळी पाच मिनिटं, काही न बोलता, न हलता, आणि नंतर ऐकलेले आवाज सांगायचे. पाचाची दहा करा, दहाची वीस. वीस मिनिटं जमली की मूल तयार आहे, मग वय सात असो की बारा. नाही जमली तर अजून एक महिना थांबा, जबरदस्तीने नेलं तर मूल जंगलालाच कंटाळेल.

दुसरी, अंतराचा अंदाज. मुलांना मीटर कळत नाही पण क्रिकेटचं पिच कळतं. एक पिच म्हणजे बावीस यार्ड, म्हणजे साधारण वीस मीटर. गल्लीत झाडं, खांब दाखवून विचारत राहायचं, "किती पिच?" हरणाच्या तीन पिचपेक्षा जवळ जायचं नाही हा आमचा नियम, आणि तो लेक माझ्यापेक्षा कडक पाळते.

तिसरी, कमला नेहरू प्राणी संग्रहालयात एक चक्कर. तिथे हरणं जवळून दिसतात तर मुलाला शिंगं नीट बघू द्या. चितळ आणि सांबर हे खरे हरीणकुळातले, नराच्या शिंगांना फाटे असतात, ती दरवर्षी गळतात आणि नवी उगवतात, उगवताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. थंडीत असे मखमली शिंगांचे बरेच नर दिसतात. नीलगाय आणि काळवीट वेगळ्या कुळातले, त्यांची शिंगं गळत नाहीत, फाटेही फुटत नाहीत. शेतकरी ज्याला रोजडा म्हणून शिव्या देतात ती नीलगायच, आणि आपण त्याला घोड्यासारखा म्हणतो तरी तो कुरंगांचा भाऊबंद. आपल्या मध्य प्रदेशचा राज्यप्राणी बारसिंगा, तो मात्र चितळाच्या गोतातला, आणि रालामंडलला नाही तर कान्हाला बघायला मिळतो. एवढं मुलाला कळलं की त्याचे डोळे आपोआप डोक्याकडे आधी जातात.

कपडे, दुर्बीण, डबा

हरणांना लाल-केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे आपल्याला जी जीन्स साधी वाटते ती त्यांना लांबून उठून दिसते. पहिल्या फेरीत लेक नवीन निळं जॅकेट घालून आली होती, मी काही बोललो नाही, मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. धुऊन विटलेले खाकी, मातकट, शेवाळी कपडे घाला. नीळ दिलेला पांढरा शर्ट नको. चालताना सरसर वाजणारं नायलॉनचं जॅकेट नको, जुना स्वेटर उत्तम. बुटाचा तळ मऊ असावा. सेंट, वासाचं तेल, मच्छरची क्रीम त्या सकाळी लावू नका, हरणाला नाकानेच आधी कळतं.

दुर्बिणीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे पैसे वाया जातात. दुर्बिणीवर ८×३२ किंवा ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार, आठ पट म्हणजे ऐंशी मीटरवरचं चितळ दहा मीटरवर असल्यासारखं. दुसरा आकडा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, तो मोठा असेल तर पहाटेच्या कमी उजेडातही चित्र उजळ दिसतं, पण वजन वाढतं. मुलाला ८×३२ पुरे. दहा-बारा पटीची घेऊ नका, लहान हात थरथरतो आणि चित्र नाचतं. आणि दुकानात मुलाला घेऊनच जा, कारण मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, दुर्बिणीच्या दोन्ही नळ्या तितक्या जवळ दुमडल्या जात नसतील तर त्याला दोन वेगवेगळे गोल दिसत राहतील आणि ते तुम्हाला सांगणारही नाही, नुसतं "हो दिसलं" म्हणेल. आम्ही तिच्या गळ्यात रुंद पट्टी अडकवली आणि घरी रोज कावळे बघायला लावले, आधी नुसत्या डोळ्याने कावळा शोधायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यापर्यंत आणायची. हा सराव नसेल तर ऐन वेळी मूल आभाळातच शोधत बसतं.

डब्यात शेवेचं पाकीट नको. मला माहितीये इंदूरकराला हे जड जातं, पण त्या पाकिटाचा कर्रकर्र आवाज शांत रानात फार लांब जातो. धपाटे किंवा गूळपोळी कापडात बांधून न्या, केळं न्या, पाणी स्टीलच्या बाटलीत पण बाटली कशावर आपटणार नाही अशी. पोहे-जलेबी परत येताना, ते वचन आधीच देऊन ठेवा.

वारा

आजोबांची धूळ आम्ही छोट्या बाटलीत भरली, चुलीची राख चाळून. चिमूटभर सोडली की कुठे उडते ते दिसतं. नियम एकच, वारा हरणाकडून आपल्याकडे यावा. आपल्या पाठीवर वारा लागत असेल तर पुढचं सगळं रान आपली बातमी घेऊन बसलेलं असतं.

टेकडीवर यात एक गंमत आहे जी मुलांना भारी आवडते. पहाटे थंड हवा जड असते म्हणून ती उतारावरून खाली वाहते. ऊन लागलं की जमीन तापते आणि हवा वर चढायला लागते. म्हणजे सकाळी लवकर आपण खालून वर चढत असलो तर वरच्या हरणांना आपला वास जात नाही, आणि ऊन चांगलं तापल्यावर तीच वाट उलटी होते. हे वाचून पटत नाही, राख सोडून बघावी लागते. तिसऱ्या फेरीत लेकीने राख सोडली, ती खाली आमच्याकडे आली, आणि अर्ध्या वाटेवर पुन्हा सोडली तर ती जागेवरच घुटमळली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हवा फिरतेय, आपण बसूया." मला सुचलं नव्हतं.

माग कसा काढायचा

वाटेच्या कडेला जिथे माती मऊ आहे तिथे उकिडवं बसा. चितळाच्या खुराचा ठसा बदामासारखा दोन फाकांचा, पुढचं टोक निमुळतं, आणि टोक ज्या बाजूला त्या बाजूला जनावर गेलं. मापायला आम्ही दहा रुपयांचं नाणं ठेवतो, ते २७ मिलिमीटरचं, साधारण दोन नाणी लांबी भरली तर चितळ समजा, तीन किंवा त्याच्या आसपास गेली तर सांबर नाहीतर नीलगाय. पिलाचा ठसा लहान असतो आणि बकरीचाही जवळपास तसाच असतो, म्हणून अभयारण्याच्या कडेला, गावाजवळ, घाई करू नका.

ताजा आहे की शिळा हे ओळखणं म्हणजे खरी मजा. ताज्या ठशाची कड धारदार असते, आत पान किंवा काडी पडलेली नसते. आसपासच्या मातीवर दव आहे आणि ठशाच्या आतही तसंच अखंड दव आहे, तर जनावर रात्रीच गेलंय. दव मोडून ठसा उमटलाय, तर ते तुमच्या थोडंच पुढे आहे, इथून बोलणं बंद.

लेंड्या बघायला मुलं आधी नाक मुरडतात मग सगळ्यात जास्त तेच बघतात. काळ्या, ओलसर, चकाकणाऱ्या म्हणजे ताज्या. नीलगाय पुन्हा पुन्हा एकाच जागी येते, म्हणून मोठा ढीग दिसला तर तिची ठरलेली जागा आहे. हात लावायचा नाही, काडीने.

आणि झुडपाची खाल्लेली टोकं. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून ते फांदी ओरबाडून तोडतं, टोक फाटकं राहतं. सशाने खाल्लेलं टोक चाकूने तिरकं कापल्यासारखं. लेकीला हे एकदा दाखवलं आणि आता ती सोसायटीच्या बागेतली मेंदीसुद्धा तपासत फिरते. झाडाच्या बुंध्यावर कमरेच्या उंचीला साल घासलेली दिसली तर नराने शिंग घासलंय.

वानरांकडे लक्ष ठेवा. वानर वर पानं-फळं खातात, अर्धी खाली टाकतात, आणि चितळ खाली ती वेचतं. वानरांची टोळी निवांत खात असेल तर खालच्या सावलीत दुर्बीण फिरवा. पण वानर खॉक खॉक असं खाकरायला लागलं, किंवा चितळाची ती तीक्ष्ण शिट्टीसारखी हाक पुन्हा पुन्हा आली, तर बिबट्या जवळपास असू शकतो. अशा वेळी मागोवा तिथेच संपला. मुलाला जवळ घ्या, पळू नका, वाकू नका, बोलत बोलत मोकळ्या वाटेने परत या आणि चौकीवर सांगा. एरवीही मूल दोन मोठ्यांच्या मधेच चाललं पाहिजे, एक पुढे एक मागे, म्हणून एकट्याने नेऊ नका. ठरलेली वाट सोडायची नाही, फोटोसाठी दोन पावलंसुद्धा नाही.

चालणं आणि बसणं

तीन पावलं, थांबा, बघा. पुन्हा तीन पावलं. माणसाची चाल एकसारखी असते आणि रानात तशी दुसरी कुणाचीच नसते, म्हणून ती लय मोडायची. अर्धा तास असं चाललात तरी अंतर फार कापलं जाणार नाही, ठीक आहे. त्यानंतर एखाद्या झाडाला पाठ टेकून बसा, पुढे थोडं उघडं, ऊन पाठीमागून, वारा तोंडावर. वीस मिनिटं. बहुतेक वेळा हरीण आपल्याला शोधून सापडत नाही, आपण बसलो की ते चालत येतं.

मुलाला "हरीण शोध" म्हणू नका. अख्खं हरीण झाडीत दिसतच नाही. त्याला सांगा, आडवी रेघ शोध, कारण झाडं सगळी उभी आणि पाठ आडवी. हलणारा कान शोध. जमिनीजवळ चार काड्या एकत्र दिसतात का बघ. आणि आपल्याला आधी दिसलं तर गप्प राहायचं, हे मी पुन्हा लिहितोय कारण हे सगळ्यात अवघड आहे. फार वेळ गेला तर घड्याळ वापरा, समोर बारा वाजले धरून हळूच "दोन वाजता" एवढंच, बोट नाही.

त्या सकाळी मला एक मादी दिसली होती, तिच्याआधी. मी दात दाबून बसलो. मिनिटभराने माझ्या बाहीला हलकासा ओढा बसला आणि लेक ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, हलू नका. कान आहे." मी बघत होतो ती मादी डावीकडे होती, हिला उजवीकडचं दिसलं होतं, एक पिलू, बोरीच्या खाली, अंगावरचे ठिपके उन्हाच्या कवडशांत असे मिसळलेले की ते हललं नसतं तर मला दिवसभर दिसलं नसतं.

दिसल्यावर

पहिलं एक मिनिट कॅमेरा नाही. नुसते डोळे, मग दुर्बीण. मग फोटो. फ्लॅश बंद, फोकसची पीप बंद, शटरचा आवाज बंद होत असेल तर तोही बंद, आणि हे सगळं आदल्या रात्री. शटर स्पीड सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा जलद ठेवा, फोकस डोळ्यावर, कोपर गुडघ्यावर टेकवून. फोनने काढणार असाल तर फार झूम करू नका, रानासकट छोटंसं हरीण आलं तरी तो फोटो नंतर जास्त बोलतो.

हरणाकडे बघत राहा, ते सांगतं. कान दोन्ही आपल्याकडे वळले, चरणं थांबलं, तर आपण कळलोय, थिजून राहा, सरळ डोळ्यात बघू नका. पुढचा पाय जमिनीवर आपटला तर हळूच मागे व्हायची वेळ झाली. शेपूट वर उभी राहिली आणि खालचा पांढरा भाग दिसला तर उशीर झाला. पळणाऱ्या हरणाच्या मागे अजिबात जाऊ नका, पिलू सोबत असेल तर नाहीच नाही. आमचं पिलू आणि त्याची आई सात-आठ मिनिटं तिथे होते आणि मग चरत चरतच आत गेले. एकदाही पाय आपटला नाही. लेकीने चार फोटो काढले, तीन हललेले.

परत येताना

रानात गळून पडलेलं शिंग सापडू शकतं, मुलाला ते घरी न्यावंसं वाटणार. न्यायचं नाही, ती सरकारी मालमत्ता असते आणि बाळगणं गुन्हा आहे. तिथेच नाणं ठेवून फोटो काढा, मापं घ्या. साळू, उंदीर ते कुरतडून खातात, त्यातला चुना त्यांना लागतो, म्हणजे ते कुणाच्या तरी ताटातलं आहे.

वर शिकारगाहपर्यंत जा, तिथे प्राण्यांची माहिती मांडलेली आहे, दम लागलेलाच असतो तर बसा आणि तिथेच वही काढा, घरी जाऊन लिहू म्हटलं तर राहतं. तारीख, वेळ, वारा, काय दिसलं, किती पिचवर, काय खात होतं. स्पेलिंग-शुद्धलेखन तपासू नका.

पुढच्या वर्षी थोडं लांब जायचं असेल तर देवास-सिहोरकडे खिवनी अभयारण्य आहे, तिथे चौशिंगा दिसू शकतो, चार शिंगांचा. काळवीट बघायचे तर शाजापूरकडच्या शेतांमध्ये मोकळ्यावर कळप असतात, गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावून, गाडीतूनच बघा, उभ्या पिकात शिरू नका.

लेकीच्या वहीत त्या दिवशीचं पान असं आहे: "७ वाजून ५० मिनिटं. वारा तोंडावर. चितळ २, आई आणि पिल्लू. साडेतीन पिच. बोरं खात होते. मला आधी दिसलं. बाबांना नाही."